शब्द टाकणारी माणसं

गणपती उठले की आमच्या गटाची बैठक पुण्यात कुणाच्या तरी घरी बसते. ही वेळ आम्ही ठरवलेली नाही, ऊसतोडीच्या हंगामाने ठरवली आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून कोयते बाहेर पडतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली ही जोडपी पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात, ती उन्हाळा लागल्यावरच परत येतात. मुली बरोबर गेल्या तर शाळा सुटते. त्या मागे राहाव्यात म्हणून तालुक्याच्या गावी एक छोटी संस्था वसतिगृह चालवते. तिथला किराणा, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार, औषधपाणी यासाठी पुण्यातून निधी गोळा करायचं काम आम्ही काही जण करतो. मुली राहायला येण्याआधी धान्य भरलेलं असावं लागतं, म्हणून पैसे त्याआधी लागतात.

बैठकीत पहिलं काम यादीचं. प्रत्येकाने आपला मोबाइल उघडायचा आणि साठवलेली नावं एकेक करून वाचत जायची. शाळासोबती, जुन्या ऑफिसातले, बायकोच्या माहेरचे, सोसायटीतले, ट्रेकिंगच्या ग्रुपमधले. वहीत चार रकाने असतात: नाव, ओळख कशी, त्या माणसाला जिव्हाळा कशाचा, आणि फोन कोणी करायचा. कुणाकडे किती पैसा आहे, हा रकाना वहीत नाही. बीडच्या आष्टी-पाटोद्याकडे नोकरी केलेल्या एक निवृत्त शिक्षिका दरवर्षी न मागता पेन्शनमधून चेक पाठवतात, कारण दिवाळीनंतर अर्धा वर्ग रिकामा झालेला त्यांनी स्वतः पाहिला आहे. दोन बंगले असलेल्या माणसाला ते दिसलेलं नसेल, तर त्याच्या दारी जाऊन उपयोग होत नाही. म्हणून तिसऱ्या रकान्यावर सगळ्यात जास्त वेळ जातो. याची बहीण नर्स आहे, हिने स्वतः वसतिगृहात राहून शिक्षण घेतलं, त्यांची साखर कारखान्यात नोकरी होती, असं आठवून आठवून लिहावं लागतं.

चौथ्या रकान्यावरून वाद होतात, आणि ते व्हायलाच हवेत. वरिष्ठाने हाताखालच्याकडे मागायचं नाही, डॉक्टरने पेशंटकडे मागायचं नाही, कर्ज मंजूर करणाऱ्याने कर्जदाराकडे मागायचं नाही, असा आमचा नियम आहे. तिथे समोरचा माणूस नाही म्हणू शकत नाही. भिडेखातर दिलेले पैसे एकदाच येतात. पुढच्या वर्षी तो माणूस फोन उचलत नाही, आणि ज्याने शब्द टाकला त्याचाही फोन टाळायला लागतो. एका देणगीपायी एक जुनी ओळख जाते. ओळख वापरायची ती फक्त दार उघडण्यापुरती. आत गेल्यावर बोलायचं ते कामाने. इतक्या वर्षांत माझं हे मत पक्कं झालं आहे.

ओळखीने फक्त दार उघडायचं म्हणजे काय, ते मी आमच्या गटातल्या एका मॅडमच्या बाबतीत जवळून पाहिलं. त्या हायस्कूलमधून निवृत्त झाल्या. त्यांचा एक विद्यार्थी भोसरीच्या एमआयडीसीत छोटं वर्कशॉप चालवतो. मॅडमनी त्याला स्पीकरवर फोन लावला.

"बोला मॅडम, तब्येत बरी ना?"

"बरी आहे रे. तुझ्या शॉपमध्ये बीडकडची मुलं आहेत ना कामाला?"

"आहेत की, तिघं-चौघं. का हो?"

"त्यांच्यातलं कुणी ऊसतोडीच्या घरचं आहे का, विचार. असेल तर मला त्याच्याशी बोलायचंय. आम्ही तिकडच्या मुलींच्या वसतिगृहासाठी निधी जमवतो. बोलू तेव्हा तूपण बस."

पैशांचा विषय लपवला नाही, पण मागितलेही नाहीत. पुढच्या शनिवारी आम्ही गेलो. लेथच्या आवाजात बोलता येईना, म्हणून दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पत्र्याच्या ऑफिसात बसलो. मशीनवरचा एक पंचविशीतला मुलगा हात पुसत आला. आधी तो अवघडला होता. मॅडमनी गाव विचारलं, मुकादम कुठला, कारखाना कुठला, पाल कुठे पडायची, असं विचारत गेल्या. मग तो बोलायला लागला. तो आजीजवळ राहून आयटीआय झाला. धाकट्या बहिणीला मात्र आई-वडील बरोबर न्यायचे, कारण वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? सातवीनंतर तिची शाळा सुटली आणि लवकरच लग्न लावून दिलं. त्याने हे सपाट आवाजात सांगितलं. मालक त्याच्याकडे बघत राहिला. हा मुलगा त्याच्याकडे कितीतरी दिवस कामाला होता, पगारवाढ आणि ओव्हरटाइम यापलीकडे दोघांचं बोलणं झालेलं नव्हतं.

मॅडमनी तिथेही आकडा सांगितला नाही. मालकानेच विचारलं, "मॅडम, आम्ही काय करायचं ते सांगा." मग मी पिशवीतून संस्थेचा अहवाल, मागच्या वर्षीचा ऑडिट झालेला हिशेब आणि एका महिन्याच्या किराण्याची यादी काढली: ज्वारी, तांदूळ, तूरडाळ, तेल, शेंगदाणे, पुढे किमती. "काहीतरी द्या" म्हटलं की समोरचा माणूस गोंधळतो, आणि गोंधळलेला माणूस पाकिटातली एक नोट देऊन मोकळा होतो. यादी समोर ठेवली की तो वाचतो. त्याने वाचली, तेलाचा भाव जास्त लावलाय म्हणाला, आणि ओळखीच्या घाऊक व्यापाऱ्याला तिथूनच फोन केला. डिसेंबरचा किराणा त्याने घेतला. जानेवारीचा त्याला जॉबवर्क देणाऱ्या दुसऱ्या कारखानदाराने घेतला, आणि त्याच्याकडे आमच्यापैकी कुणी गेलंसुद्धा नव्हतं.

आपल्याकडे ही रीत जुनी आहे. धोंडो केशव कर्व्यांनी ऐन तारुण्यात आपल्या गावासाठी मुरूड फंड काढला, तो गाववाल्यांकडून नियमित थोडी थोडी वर्गणी घेऊन. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, त्यासाठीही ते आधी ओळखीच्यांकडे आणि मग ओळखीच्यांच्या ओळखीच्यांकडे गेले. आश्रमासाठी हिंगण्याची जागा रावबहादूर गोखल्यांनी दिली. सर विठ्ठलदास ठाकरसींचे १५ लाख रुपये कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला मिळाले ते १९२० मध्ये, म्हणजे त्यांचं काम लोकांच्या डोळ्यांसमोर दोन तपं उभं राहिल्यावर. अनिल आणि सुनंदा अवचट यांचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं, त्यामागे अनिल अवचटांचे गर्द या अमली पदार्थावरचे लेख वाचून अस्वस्थ झालेले पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे उभे राहिले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडात तर घरोघरच्या बायका रोज मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत. ज्यांच्याकडे पैसा नव्हता, त्यांनाही कर्मवीरांनी देणगीदार केलं. मला यातलं हे शेवटचं उदाहरण सगळ्यात मोठं वाटतं.

मराठी मध्यमवर्गीय माणूस दान देतो तो बहुतेक वेळा घरातल्या एखाद्या प्रसंगाच्या निमित्ताने. वडिलांचं वर्षश्राद्ध, आईचं सहस्रचंद्रदर्शन, स्वतःची निवृत्ती, मुलीचं लग्न साधेपणाने केल्यावर उरलेले पैसे. पितृपंधरवड्यात लोकांच्या मनात गेलेल्या माणसांचा विषय असतोच. पुण्यात वीणा गोखले यांच्या 'आर्टिस्ट्री'ने २००५ पासून याच पंधरवड्यात 'देणे समाजाचे' हे प्रदर्शन भरवायला सुरुवात केली. तिथे संस्थांचे कार्यकर्ते टेबलामागे उभे राहून येणाऱ्यांशी थेट बोलतात. 'लोकसत्ता'चा 'सर्वकार्येषु सर्वदा' हा उपक्रम २०११ पासून गणेशोत्सवात दहा संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक चेक पाठवतात. आमच्यासारख्या लहान गटाला तेवढा मोठा मांडव नाही, पण कुणाच्या घरी कोणती तिथी येते हे आम्हाला माहीत असतं. एक काका आईच्या तिथीला वसतिगृहातल्या दिवसभराच्या जेवणाचा खर्च देतात. आईला आवडायची म्हणून त्या दिवशी पुरणपोळी करा, एवढंच त्यांचं मागणं असतं.

करसवलतीवर आता फारसं विसंबता येत नाही. पूर्वी मार्चमध्ये सीए मंडळी आपल्या अशिलांना आमचं नाव सुचवायची, कारण आयकर कायद्याच्या ऐंशी-जी कलमाखाली देणगीवर वजावट मिळायची. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली हीच मूळ प्रणाली झाली आणि तिच्यात ही वजावट नाही. जुन्या प्रणालीत राहिलेल्यांना ती मिळते, पण २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर मिळत नाही. तरीही सीए हा आमच्या यादीतला मोलाचा माणूस आहे. घर विकून मोठी रक्कम आलेली, मूलबाळ नसलेली, मृत्युपत्राचा विचार करणारी माणसं सल्ल्यासाठी त्याच्याकडेच जातात. ती नावं तो आम्हाला कधीच सांगत नाही, सांगूही नयेत. संस्थेचा अहवाल मात्र तो त्यांच्या हातात देतो.

कंपन्यांचं गणित वेगळं. २०१३ च्या कंपनी कायद्याने ५०० कोटींची नक्त मत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करणं बंधनकारक केलं. आत नोकरी करणारा मित्र तुम्हाला सीएसआर विभागाची भेट मिळवून देतो, त्यापुढे त्याचा शब्द चालत नाही. तिथे सीएसआर-१ ची नोंदणी, बारा-ए, ऐंशी-जी या आयकर खात्याच्या नोंदण्या आणि ऑडिट झालेले ताळेबंद लागतात. एका कंपनीत आमची फाइल दोनदा परत आली. पण त्याच कंपनीतल्या काही मुलामुलींनी मुंबई मॅरेथॉनमध्ये धावताना आपापल्या मित्रांकडून आमच्यासाठी पैसे जमवले. मोठ्या दारासमोर ताटकळण्यापेक्षा त्याच इमारतीतल्या माणसांशी जोडून घेणं लहान संस्थेला जास्त फळतं.

परदेशातल्या आप्तांचा विषय निघाला की आमचा पहिला प्रश्न असतो: पासपोर्ट कोणता? भाचा न्यू जर्सीत असला तरी भारतीय नागरिक असेल, तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ठरतात, मग तो कितीही आपला असला आणि ओसीआय कार्डधारक असला तरी. एफसीआरए म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं नसलेल्या संस्थेने ते घ्यायचे नाहीत. आमच्या संस्थेकडे ही नोंदणी नाही. त्यामुळे अशा नातेवाइकांना आम्ही स्पष्ट सांगतो आणि १९७८ पासून अमेरिकेत काम करणाऱ्या महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या रीतसर संस्थांकडे जायला सुचवतो. तो पैसा आपल्याला आला नाही तरी चालेल. एका चुकीच्या रकमेने मुलींचं छप्पर धोक्यात येता कामा नये.

यानंतरचं काम सर्वांत कंटाळवाणं आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. पैसे जमा झाले की यूपीआयवर आलेलं नाव नक्की कुणाचं, हे शोधायचं. पॅन मागायचा. पावती आठवड्याच्या आत पाठवायची. ३१ मेपर्यंत देणग्यांचं विवरणपत्र भरून प्रत्येकाला देणगीचं प्रमाणपत्र द्यायचं. संक्रांतीला मुलींनी लिहिलेली पत्रं टपालाने जातात. मुलींचे चेहरे ओळखू येतील असे फोटो आम्ही कुणालाच पाठवत नाही, कितीही मोठी देणगी असली तरी. हंगाम संपल्यावर किती खर्च झाला, काय शिल्लक राहिलं, कोणती मुलगी मध्येच निघून गेली, तेही कळवतो. मुलगी गेल्याचं लिहू नका, लोक नाराज होतील, असं मला काहींनी सांगितलं होतं. उलट त्या पत्रानंतर एका देणगीदार ताईंनी स्वतः फोन करून विचारलं, "तिला परत आणायला काय लागेल?" त्या ताई आता आमच्या बैठकीला येतात आणि स्वतःचा मोबाइल उघडून नावं वाचतात.

व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड टाकला की काम होतं, असं नव्या कार्यकर्त्यांना वाटतं. असे संदेश शंभर गटांत फिरतात आणि वाचले न वाचले असे विरून जातात. एका माणसाने दुसऱ्याला नावाने हाक मारून केलेल्या फोनची बरोबरी त्यांना येत नाही.

तुमच्याकडे कुणी ओळखीतून देणगी मागायला आलं, तर भिडेला बळी पडू नका. नोंदणी विचारा, हिशेब मागा, शक्य असेल तर एकदा जाऊन बघून या. पटलं नाही तर सरळ नाही म्हणा. आणि पटलं, पण या वर्षी हात तंग असेल, तर दुसरं एक काम करा. तुमच्या मोबाइलमधल्या अशा एका माणसाला फोन लावा ज्याला हे काम जवळचं वाटेल, आणि कार्यकर्त्याबरोबर त्याच्या घरापर्यंत स्वतः जा. येत्या दसऱ्यालाही कोयते निघणार आहेत.