खोलीतल्या हवेचे वजन

एसी घ्यायला दुकानात गेले की पहिला प्रश्न येतो तो खोलीच्या क्षेत्रफळाचा. शंभर-सव्वाशे चौरस फूट म्हटले की एक टन, त्यापुढे दीड टन, असा हिशेब काउंटरवरच उरकतो. छताची उंची सहसा कोणी विचारत नाही आणि गाव कोणते, हे तर नाहीच. वास्तविक 'टन' हे माप क्षेत्रफळाचे नाही आणि यंत्राच्या वजनाचेही नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ जहाजांत भरून कलकत्त्याला आणि मुंबईला येत असे. त्या बर्फाच्या युगाची आठवण या शब्दात उरली आहे. २,००० पौंडांचा एक अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी उष्णता त्याच वेगाने बाहेर टाकणारे यंत्र एक टनाचे. आजच्या मापात सुमारे साडेतीन किलोवॉट.

ही उष्णता कॉइलपर्यंत आणून पोचवणारा हमाल म्हणजे हवा. हमाल किती ओझे उचलेल हे त्याच्या अंगमेहनतीवर ठरते, तसे हवा किती उष्णता नेईल हे तिच्या वजनावर ठरते. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली घेऊ. तिच्यात १,२०० घनफूट म्हणजे ३४ घनमीटर हवा मावते. मुंबईत एका घनमीटर हवेचे वजन १.१५ ते १.२ किलो भरते. म्हणजे रिकाम्या वाटणाऱ्या या खोलीत जवळपास ४० किलो हवा आहे. एक किलो हवेचे तापमान एका अंशाने उतरवायला साधारण एक किलोज्यूल उष्णता काढावी लागते. तेव्हा ही सगळी हवा ३५ अंशांवरून २५ वर आणायला ४०० किलोज्यूल. एक टनाचा एसी सेकंदाला साडेतीन किलोज्यूल काढतो. हिशेब दोन मिनिटांत संपायला हवा!

तो संपत नाही, कारण खोलीत फक्त हवा नसते. नऊ इंची विटांच्या चार भिंतींचे वजनच पंधरा टनांच्या घरात जाते. दिवसभर तापलेल्या या भिंती, वरचा स्लॅब, कपाट, गादी अशी सारी मंडळी गार झालेल्या हवेत पुन्हा उष्णता ओतत राहतात. संध्याकाळी एसी लावल्यावर पहिला अर्धा तास 'काहीच होत नाही' असे वाटते, तो वेळ बहुतेक भिंतींच्या वाट्याला गेलेला असतो.

दुसरा वाटेकरी पाणी. मुंबईत ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असली, तर ती २५ अंश आणि ५० टक्क्यांवर आणताना आपल्या ४० किलो हवेतून अर्धा लिटर पाणी काढावे लागते. त्या वाफेचे पाणी होताना जी उष्णता सुटते ती सव्वाबाराशे किलोज्यूलपेक्षा जास्त, आणि नुसती हवा सात अंश थंड करायला लागतात जेमतेम २८०. किनाऱ्यावरचा एसी आधी पाणी गाळणारे यंत्र असतो, गारवा देणारे नंतर. (दमट हवेला आपण 'जड' म्हणतो, ते मात्र उलटे आहे. पाण्याच्या वाफेचा रेणू हवेच्या सरासरी रेणूपेक्षा हलका, म्हणून दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच भरते. जड होते ते आपले अंग, घाम वाळत नाही म्हणून.)

म्हणूनच 'थोडा मोठाच घ्या' हा सल्ला कोकणपट्टीत नडतो. गरजेपेक्षा मोठे यंत्र ठरलेले तापमान चटकन गाठते आणि कॉम्प्रेसर थांबतो. पाणी गळायला वेळच मिळत नाही. खोली गार पण ओलसर, चादरी दमट, कपाटामागे बुरशी. इन्व्हर्टर एसी आपला वेग कमी करू शकतो, म्हणून हा दोष थोडा झाकला जातो एवढेच.

कॉइलवरून किती हवा फिरावी याचा ठोकताळा आहे: दर टनामागे मिनिटाला सुमारे ४०० घनफूट. आपल्या खोलीतली सगळी हवा तीन मिनिटांत एकदा कॉइलवरून जाते. दमट गावात हा आकडा थोडा कमी ठेवतात, म्हणजे हवा कॉइलजवळ रेंगाळते आणि जास्त पाणी सोडते. 'ड्राय मोड'मध्ये पंखा मंदावतो तो याचसाठी. पण जाळीवर धुळीचा थर बसून हवा बरीच कमी झाली, तर कॉइलला उष्णता मिळत नाही, ती शून्याखाली उतरते आणि तिच्यावर बर्फ धरतो. बर्फ दिसला की यंत्र जोरात चालले आहे असे समजणारे पुष्कळ भेटतात. खरे तर तो बर्फ हवेची उरलीसुरली वाटही बुजवत असतो.

आता घनता. पंखा हवा मोजतो ती आकारमानाने, वजनाने नव्हे. हवा विरळ झाली तरी तो तेवढेच घनफूट ढकलतो; त्यातले किलो मात्र घटतात. पुण्यात ही घट सहा-सात टक्के, दुर्लक्ष करण्याजोगी. महाबळेश्वरला पंधराएक टक्के. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये एक तृतीयांश हवा गायब असते. तिथे माणसांना एसीची गरज क्वचित, पण संगणकांना आणि यंत्रसामग्रीला गारवा लागतोच, आणि तिथे ४०० घनफुटांचे काम करायला ६०० लागतात. याचे टोकाचे उदाहरण चिलीतल्या अटाकामा वाळवंटात आहे. चाजनांतोर पठारावर ५,००० मीटर उंचीवर 'अल्मा' ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. तिच्या अँटेनांचे संदेश एकत्र करणारा महासंगणक सुमारे १४० किलोवॉट वीज खातो. तो थंड ठेवायला नेहमीच्या दुप्पट हवा फिरवावी लागते. फिरत्या चकतीची हार्ड डिस्क तर तिथे वापरताच येत नाही, कारण तिचे वाचणारे टोक हवेच्या पातळ गादीवर तरंगते आणि तेवढी गादी तिथे मिळत नाही.

विरळ हवेसाठी डोंगर चढायलाच हवा असे नाही. तापलेली हवाही विरळ असते. मे महिन्यातल्या नागपुरात ४६-४७ अंशांची हवा मुंबईच्या तिशीतल्या हवेपेक्षा सात-आठ टक्क्यांनी हलकी. बाहेरच्या डब्यातला पंखा त्या हलक्या हवेवर खोलीतली उष्णता टाकू पाहतो. पण खरी अडचण घनतेपेक्षा तापमानाची: बाहेरची हवा जितकी तापलेली, तितका कॉम्प्रेसरला जास्त दाब निर्माण करावा लागतो, वीज वाढते आणि गारवा घटतो. विदर्भातला कूलर अशा वेळी कोरड्या हवेला पाणी पाजून स्वस्तात काम भागवतो. मुंबईच्या हवेत तो केवळ चिकटपणा वाढवतो.

शहरांतल्या उंच इमारतींत या सगळ्याची गाठ एकाच ठिकाणी पडते. दर्शनी बाजू नीट दिसावी म्हणून बाहेरचे डबे मागच्या अरुंद डक्टमध्ये एकाखाली एक बसवतात. प्रत्येक डबा गरम हवा सोडतो. ती हलकी असल्यामुळे वर चढते आणि वरच्या डब्याच्या तोंडात जाते. दहाव्या मजल्यावरच्या यंत्राला बाहेर ३५ अंश असताना ४५ अंशांची हवा ओढावी लागली, तर टन कितीही असोत, त्याचा कॉम्प्रेसर सगळ्यात उकाड्याच्या संध्याकाळीच बंद पडतो. तिथे राहणारे मग दीड टनाच्या जागी दोन टनांचा एसी आणतात, आणि डक्टमध्ये आणखी गरम हवा सोडू लागतात.