कारखान्याचे पीठ कोणत्या जात्यातले?

चाकण म्हटले की पूर्वी कांदा-बटाट्याचा बाजार आठवे. आज जोडीला मोटारींचे कारखाने आठवतात. मोटारीतले प्लॅस्टिक आणि गादी, तशीच आपली ठिबकची नळी व खताची गोणी, हे बहुतेक सारे खनिज तेल आणि वायूपासून बनते. त्यातला कर्ब जमिनीखालचा. माल बनवताना आणि पुढे जाळताना तो हवेत जातो, पावसाचे गणित बिघडते, आणि झळ बसते ती शिवाराला.

जितका कर्ब सोडू तितकाच परत शोषू, असा शून्याचा हिशेब २०७० पर्यंत जमवण्याचे भारताने २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत जाहीर केले. त्यासाठी कच्चा मालच बदलायला हवा.

ऊस हवेतलाच कर्ब घेऊन वाढतो. पुण्याच्या प्राज कंपनीने २०२४ साली जेजुरीला एक प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. तिथे साखर आंबवून लॅक्टिक आम्ल काढतात व त्याचे प्लॅस्टिक करतात. दही आंबट होते ते याच आम्लाने!

पण हुरळून जाऊ नका. उसाला लागणारे पाणी, खत आणि वीजही हिशेबात धरली पाहिजे. शिवाय हे प्लॅस्टिक उकिरड्यावर सहज कुजत नाही. त्याला मोठ्या खतप्रकल्पातली उष्णता लागते.

आपल्या हातचे दोनच नियम. जुन्या नळ्या जाळू नका, भंगारात द्या. त्या वितळवून पुन्हा माल होतो. आणि उद्या कोणी पाचट विकत मागायला आले, तर सगळे देऊ नका. आधी जमिनीची भूक भागवा, मग कारखान्याची.