खोली मोजा, मग गालिचा कापा

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपले वाडवडील सांगत आले. पण कधी कधी काम उलटे असते. जागा ठरलेली असते नि अंथरूणच तिच्या मापाने आणायचे असते. भिंतीपासून भिंतीपर्यंत सबंध खोलीत घालायचा गालिचा, ज्याला आता सगळे कारपेट म्हणतात, तो असाच.

सतरंजीचे तसे नसते. सतरंजी वीतभर कमी पडली तरी चालते. जाजम मोठे झाले तर कड दुमडता येते. हा गालिचा मात्र चारी भिंतींना भिडावा लागतो. दुकानदार तो मोठ्या गुंडाळीतून तुमच्या मापाने कापून देतो. चार बोटे कमी पडला, तर कडेची फरशी उघडी दिसते. आणि एकदा कापलेला तुकडा दुकानदार सहसा परत घेत नाही. त्याला तरी काय बोल लावणार? माप तुम्हीच दिलेले असते.

पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या माणसाला अशी खरेदी करायची तर परभणीची नाहीतर नांदेडची बाजारपेठ. खोली घरी नि दुकान शहरात. तिथे उभे राहून खोली नुसती आठवून भागत नाही. माप कागदावर लिहून न्यावे लागते. ज्याला आकडे लिहिता-वाचता येतात, त्याला हे काम दुसऱ्यावर सोपवायची गरज नाही. ते कसे करायचे, ते आम्ही इथे सांगतो.

कशाने मोजायचे

पूर्वी माणसे हाताने मोजत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. पण उंच माणसाचा हात लांब, ठेंगण्याचा आखूड. मग भांडण ठरलेलेच. १९५६ साली मापांचा कायदा झाला आणि मीटर हे सगळ्या देशाचे माप ठरले. एका मीटरचे १०० सेंटीमीटर. तरी बोलण्यातला फूट काही गेला नाही. म्हणून टेपवर बहुधा एका कडेला सेंटीमीटर नि दुसऱ्या कडेला इंच असतात.

दोन्हींपैकी एकच कड धरा, शेवटपर्यंत तीच वाचा. आमचे म्हणाल तर सेंटीमीटर बरे. फूट-इंचात एक खड्डा आहे. ९ फूट ५ इंच म्हणजे ९.५ फूट नव्हे. फुटाचे इंच १२, म्हणून साडेनऊ फूट म्हणजे ९ फूट ६ इंच. मीटरमध्ये ही अडचण येत नाही. ३ मीटर ४५ सेंटीमीटर म्हणजे सरळ ३.४५ मीटर.

टेप लोखंडी पट्टीचा घ्या. शिंप्याचा कापडी टेप वापरून वापरून ताणतो. मोजायला दोघे हवेत. एकाने टोक भिंतीला घट्ट धरावे, दुसऱ्याने आकडा वाचावा. टेपला झोळ पडू देऊ नये.

कुठे मोजायचे

जमिनीवर मोजा. छातीच्या उंचीवर मोजू नका. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत भिंती मातीच्या नि रुंद. कुठे भिंतीला पोट आलेले असते, कुठे गिलावा जाड असतो. वरचे माप एक नि खालचे दुसरे निघते. गालिचा खाली पसरायचा, तर माप खालचेच हवे.

लांबी एकदाच मोजून थांबू नका. एकदा या भिंतीलगत, एकदा मधोमध, एकदा त्या भिंतीलगत मोजा. रुंदीही तशीच तीनदा मोजा. तिन्ही आकडे क्वचितच सारखे येतात. त्यांतला सर्वांत मोठा धरा. जास्तीचा गालिचा कापता येतो, कमी पडलेला वाढवता येत नाही.

मग कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजा. दुसरे दोन कोपरेही तसेच. खोली काटकोनात असेल तर दोन्ही तिरकी मापे सारखी भरतात. गवंडी गुण्या लावून पाहतो, तेच हे. मापे वेगळी आली तर खोली तिरकी आहे. ते दोन्ही आकडे लिहून ठेवा नि दुकानात दाखवा.

दाराची चौकट विसरू नका. गालिचा भिंतीपाशी संपत नाही, तो चौकटीत उंबऱ्यापर्यंत जातो. तेवढी खोली मापात मिळवा. जमिनीपर्यंत आलेला कोनाडा असेल तर तोही मोजा. शेवटी चारी बाजूंना वाढावा धरा. शिंपी शिवणीसाठी कापड जास्त धरतो, तसाच हा. प्रत्येक बाजूला ५ सेंटीमीटर धरले, की लांबीत १० नि रुंदीत १० वाढतात.

एक उदाहरण

समजा, खोलीची लांबी ३.४२, ३.४५ आणि ३.४३ मीटर भरली. मोठा आकडा ३.४५. लांबीच्या टोकाच्या भिंतीत दार आहे, चौकटीची खोली १० सेंटीमीटर. झाले ३.५५. वाढावा १० सेंटीमीटर. झाले ३.६५.

रुंदी २.८०, २.८४ आणि २.८२ भरली. मोठा आकडा २.८४. वाढाव्यासह २.९४.

आता ३.६५ गुणिले २.९४ म्हणजे पावणेअकरा चौरस मीटर, तेवढाच गालिचा घ्यायचा, असे वाटेल. तसे नाही. कापडाला पन्हा असतो, तसा गालिच्याच्या गुंडाळीलाही पन्हा असतो. तो तुमच्या खोलीकडे पाहून ठरत नाही. समजा, गुंडाळीचा पन्हा २ मीटर आहे. एका पट्टीत खोली झाकत नाही. दोन पट्ट्या शेजारी शेजारी लावाव्या लागतात.

पट्ट्या लांबीच्या दिशेने घातल्या तर प्रत्येक पट्टी ३.६५ मीटर. दोन पट्ट्यांचे ७.३० मीटर. पट्ट्या रुंदीच्या दिशेने घातल्या तर प्रत्येक पट्टी २.९४ मीटर. दोन पट्ट्यांचे ५.८८ मीटर. दोन्ही वेळा दोन पट्ट्यांचा पन्हा मिळून ४ मीटर होतो, म्हणून खोली दोन्ही रीतींनी झाकते.

खोली तीच, गालिचा तोच. नुसती दिशा बदलली नि १.४२ मीटर गालिचा वाचला. मीटरला ४०० रुपये भाव धरला तर ५६८ रुपये वाचले. उन्हात राबणाऱ्याला विचारा, ५६८ रुपये म्हणजे किती.

मात्र सांधा कुठे येतो, तेही पाहावे. ऐन दारात सांधा आला तर पायांनी कडा उचलतात. आपल्या उदाहरणात तो दाराच्या भिंतीपासून सुमारे १ मीटर ८५ सेंटीमीटर आत येतो. तिथे तो बरा.

गालिच्याला लव असेल तर दोन्ही पट्ट्यांची लव एकाच दिशेला हवी. नाहीतर एक पट्टी फिकी नि एक गडद दिसते. नक्षी असेल तर ती सांध्यावर जुळली पाहिजे. नक्षी दर ५० सेंटीमीटरला पुन्हा येत असेल, तर दुसरी पट्टी ३ मीटरच्या खुणेपासून कापावी लागते. मग ५.८८ ऐवजी ५.९४ मीटर लागतात. म्हणून नक्षी किती अंतराने फिरते, हे आधी विचारा.

दुकानात गेल्यावर

कागदावर खोलीचा नकाशा काढून न्या. नकाशा सुबक नसला तरी चालेल. चार रेघा, दार कुठे ते, नि प्रत्येक बाजूचे माप. नुसते खोलीचे माप कोणते नि वाढाव्यासह कोणते, हे वेगवेगळे लिहा. नाहीतर दुकानदार पुन्हा वाढावा धरतो नि तुम्ही दोनदा पैसे मोजता.

भाव चौरस फुटाचा की मीटरचा, हे विचारा. एका चौरस मीटरचे सुमारे १०.७६ चौरस फूट होतात. मीटरचा भाव म्हटला तर पन्हा किती, तेही विचारा. दोन मीटर पन्ह्याचा एक मीटर नि चार मीटर पन्ह्याचा एक मीटर, यांत दुपटीचा फरक आहे.

कात्री लागण्याआधी आपला आकडा नि दुकानदाराचा आकडा ताडून पाहा. बिलावर पन्हा, लांबी आणि भाव लिहून घ्या. जुळत नसेल तर संकोच न करता थांबायला सांगा. बोललेले माप वाऱ्यावर जाते, लिहिलेले माप दोघांनाही बांधते.

हीच रीत शहाबादी फरशीला चालते, मेणकापडाला चालते. गालिचा घ्यायचा नसला तरी आज टेप घ्या, घरातली एक खोली मोजा नि आकडे वहीत मांडा. पुढे कोणी तुमच्या घराचे माप सांगू लागला, तर तुमची वही तुमच्यापाशी असेल.