गायरानातले गाजरगवत कसे मोजले?

मित्रांनो, आपल्या गायरानात गाजरगवत फार झाले, असे सगळेच म्हणतात. पण फार म्हणजे किती? श्रावणात परिसर अभ्यासाच्या तासाला गुरुजींनी आम्हाला ते मोजायला नेले. कसे मोजले ते सांगतो.

सगळे गायरान मोजत बसलो तर दिवाळी उजाडेल. म्हणून नमुना घेतात. आई शितावरून भाताची परीक्षा करते, तसेच हे. पण पातेल्यातला भात सगळीकडे सारखा असतो. गायरान तसे नसते. ओढ्याकडे गवत दाट, माळाकडे विरळ. म्हणून एका जागेवर भागत नाही. आम्ही १० जागा घेतल्या.

साहित्य : सुतळी, ४ खुंट्या, टेप, वही, पेन्सिल. सुतळीची १ मीटर लांब, १ मीटर रुंद चौकट करायची.

जागा कशी ठरवायची? काही पोरे म्हणाली, जिथे जास्त दिसते तिथेच चौकट टाकू. गुरुजी म्हणाले, "मग उत्तर फुगेल." म्हणून आम्ही आकड्यांच्या चिठ्ठ्या केल्या. एक चिठ्ठी लांबीची, एक रुंदीची. कोपऱ्यापासून तितके मीटर मोजून चौकट ठोकायची.

ज्या झाडाचे मूळ चौकटीच्या आत, तेच मोजायचे. झाड नसेल तर ० लिहायचे. ० सोडला तर सरासरी चुकते. गाजरगवताने अंगाला खाज सुटते, म्हणून हात लावायचा नाही.

आमचे गणित असे :
१० चौकटींतील झाडे ३०
एका चौकटीत सरासरी ३
गायरान १०० × ६० = ६००० चौरस मीटर
६००० × ३ = १८००० झाडे!

हा अंदाज आहे. चौकटी जास्त घेतल्या तर तो खऱ्याच्या जवळ जातो.

गाजरगवत आपल्याकडचे नाही. ते अमेरिकेतून आले. गुरे ते सहसा खात नाहीत. चाऱ्यातून पोटात गेले तर दूध कडू होते. एका झाडाला हजारो बिया धरतात. म्हणून फुले येण्याआधी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटावे लागते. हातात मोजे किंवा पिशवी घालावी.

आईबाबांनो, उपटायला तुम्हीही या. पुढच्या श्रावणात आम्ही अशाच १० चौकटी पुन्हा मोजू. १८००० चे किती उरले, ते इथेच लिहू.

— इयत्ता ४ थीचा विद्यार्थी