खापरपणजोबांचा नंबर



वंशावळ म्हटली की राजेरजवाडे आठवतात. कष्टकऱ्याला आपला पूर्वज शोधता येतो काय? मॉरिशसमधील मराठी माणसांचे उदाहरण पाहून आम्ही म्हणतो, येतो.

१८३४ पासून तेथील उसाच्या मळ्यांवर हिंदी मजूर करारावर नेले जाऊ लागले. कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांतून सुमारे साडेचार लाख माणसे गेली. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातील मराठी माणसे होती. पोर्ट लुईला उतरलेल्या मजुराला एक नंबर मिळे. नोंदवहीत त्याचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव आणि जहाज लिहीत. १८६० च्या दशकापासून छायाचित्रही घेऊ लागले. हा खटाटोप मायेपोटी नव्हता. पळालेला मजूर ओळखून परत मळ्यावर आणता यावा, यासाठी होता. जन्मभर हजेरीपट चाळलेल्या आम्हांस याचे नवल वाटत नाही.

या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत. शोध घेणाऱ्याने नावावर विसंबू नये. कारकुनाने कानाला लागले तसे रोमन लिपीत लिहिले, आणि पुढे बापाचे नाव पुष्कळदा मुलाचे आडनाव झाले. म्हणून स्वतःच्या जन्मदाखल्यापासून निघावे आणि आईबाप, आजेआजी यांचे लग्नाचे व मृत्यूचे दाखले जोडीत नंबर हाती लागेपर्यंत मागे जावे.

मग डीएनए कशाला? कागदाची पडताळणी करायला. पुरुषाचे वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे येते. मॉरिशसमधला पणतू आणि कोकणातला भाऊबंद यांची ही खूण जुळली, तर एका पितृकुळाचा दावा बळकट होतो. तथापि तीच खूण मूळ पुरुषाच्या भावांत आणि चुलत्यांतही असते. नेमका कोण गेला, हे चाचणी सांगत नाही. इतर डीएनए दर पिढीला निम्मा होतो. खापरपणजोबांचा वाटा सरासरी सोळावा उरतो. शिवाय जुळायला दुसऱ्या बाजूच्या कोणी तरी चाचणी केलेली असावी लागते. गावाचे नाव तर थुंकीच्या थेंबात नसतेच. ते वहीतच सापडते.

मालकाने ज्या कागदावर माणसाचा नंबर केला, त्याच कागदावरून त्याची पतवंडे त्या नंबराचा पुन्हा माणूस करीत आहेत. आमच्या मते कष्टकऱ्यांच्या इतिहासाचा आरंभ येथूनच होतो.