गोठलेल्या मातीचा वास

बाळांनो, अमेरिकेत पोर्टलंड शहरातल्या विज्ञान संग्रहालयानं एक फिरतं प्रदर्शन तयार केलं. त्यात चक्क भुयारात शिरायचं, हिमयुगातली हाडं चाचपायची आणि मातीचा वास घ्यायचा. वास कसला, तर तळघरात विसरलेल्या ओल्या गोणपाटासारखा, कुबट! पोरं नाक मुरडतात आणि पुन्हा वास घेतात. मला तर हा वासच सगळ्यात मोठा शिक्षक वाटतो.

ज्याची ही नक्कल, ते खरं भुयार अलास्कात आहे, फेअरबँक्सजवळच्या फॉक्स गावापाशी. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी १९६३ साली ते गोठलेल्या जमिनीत खोदायला घेतलं. आत भिंतींतून हजारो वर्षांपूर्वीच्या गवताची मुळं लोंबतात, मॅमथ आणि बायसनची हाडं डोकावतात. सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जी जमीन गोठलेलीच राहते, तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात.

ही जमीन किती खोलवर गोठलेली असते? सैबेरियातल्या याकुत्स्कमध्ये शेर्गिन नावाच्या गृहस्थानं १८२८ साली पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. नऊ वर्षं खणत राहिला, ११६ मीटर खाली गेला. पाणी नाहीच! तिथंही माती दगडासारखी गोठलेली. त्याची तहान भागली नाही, पण पुढे शास्त्रज्ञांनी त्याच विहिरीत तापमापक सोडले आणि जमिनीच्या पोटातली थंडी मोजली.

आता खारीची गोष्ट. सुमारे बत्तीस हजार वर्षांपूर्वी कोलिमा नदीकाठी एका खारीनं बिळात फळं साठवली. बीळ गाडलं गेलं, गोठलं. रशियन शास्त्रज्ञांना ते ३८ मीटर खोलीवर सापडलं. त्या कच्च्या फळांतल्या पेशी त्यांनी प्रयोगशाळेत जोपासल्या, रोपं वाढवली, आणि त्यांना पांढरी फुलं आली! पुढे बीसुद्धा धरलं. ही बातमी २०१२ साली जगाला कळली.

म्हणजे गोठणं म्हणजे मरणं नव्हे. फुलांबाबत हे ऐकून आनंद होतो, पण मातीत गोठलेल्या जिवाणूंबाबत ऐकलं की मला काळजी वाटते. त्या मातीत न कुजलेली मुळं, पानं, जनावरं आहेत. त्यांतला कार्बन सुमारे दीड लाख कोटी टन, हवेतल्या कार्बनच्या जवळजवळ दुप्पट. आपण कोळसा, तेल जाळून हवा तापवतो, आर्क्टिक तर बाकीच्या जगापेक्षा कितीतरी वेगानं तापतंय. माती वितळली की जिवाणू कामाला लागतात, शिळं अन्न खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्यानं हवा आणखी तापते, आणखी माती वितळते.

जिथं पाणी साचून तळी होतात, तिथं तळाशी ऑक्सिजन पोचत नाही. मग निघतो मिथेन. हिवाळ्यात तळं गोठलं की त्याचे पांढरे बुडबुडे बर्फात थरावर थर अडकतात. अलास्कातले संशोधक बर्फाला भोक पाडून काडी लावतात, आणि भक्कन माणसाहून उंच ज्वाळा उठते. गोबरगॅसच्या शेगडीत जळतो ना, तोच हा वायू.