उपवासकाळातली सुकट
शेजारच्या काकूंनी विचारलं, "तुमच्या उपवासाला सुकट कशी चालते गं?"

आम्हा वसईच्या कॅथलिकांचा प्रायश्चित्तकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. ईस्टरपर्यंत, रविवार वगळून, 40 दिवस. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला मांस वर्ज्य, पोटभर जेवण एकदाच. मासळीला मात्र मनाई नाही.

राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची राखसुद्धा आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या झावळ्यांची. काहीच वाया नाही!

सुकट कोरडी भाजायची. गार झाली की चोळून पाखडायची, मिशा-डोकी उडून जातात. मग कांदा, तिखट, चिंचेचा कोळ, मूठभर ओलं खोबरं. भाकरीबरोबर सगळ्यांचं भागतं.

वाचलेले पैसे दानपेटीत. मटण सोडून महागडी कोळंबी आणायची, तर उपवास कसला? (मुलांना हे पटत नाही.)